साडूची पेटी आणि माझी वायर

मी आयुष्यात पहिला सौदा केला तो वरोऱ्याच्या बाजारात, एका तंबू सिनेमावाल्याशी. त्याचा तंबू फाटला होता, माणसं पळाली होती, आणि त्याला गाशा गुंडाळून घरी जायची घाई होती. माझं तेव्हा चांद्याला सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. दिवसभर घासाघीस करून मी त्याचं आवाज मोठा करायचं मशीन आणि एक भोंगा घेतला. सौदा तुटेपर्यंत ताणला आणि शेवटी म्हणालो, "बाकी समदं ठीक हाये, पन वायर वरून फुकट पायजे." तो इतका थकला होता की त्याने सगळी गुंडाळी माझ्या बंडीत फेकली.

तेव्हापासून ती माझी सवयच झाली. नागपूरला काही घ्यायला गेलो, मग तो भोंगा असो नाहीतर मोटारीची बॅटरी, सौदा पटल्यावर मी उठायचो, दारापर्यंत जायचो आणि वळून वायर मागायचो. दुकानदार कपाळावर हात मारून घेत, पण देत. अशी माझ्याकडे पोतंभर वायर जमली. लोक हसायचे. मी कुणालाच कारण सांगितलं नाही, कारण माझ्याकडेही कारण नव्हतं. फुकट मिळालेली वस्तू पोत्यात पडून आहे, एवढंच सुख होतं.

मशीन कसं चालवायचं हे मला कुणी शिकवलं नाही. हात भाजले, दोन व्हॉल्व्ह जाळले, एका लग्नात नवरदेवाच्या बापाची शिवी खाल्ली आणि शिकलो. माझ्या मशीनला तोंड एकच होतं. त्यात माईकची पिन घालायची नाहीतर ग्रामोफोनची. गाणं चालू असताना कुणाला दोन शब्द बोलायचे असले की गाणं कापून पिन काढायची आणि माईकची खुपसायची. त्या वेळी भोंग्यातून 'भक्' असा आवाज निघायचा आणि पहिल्या रांगेतली पोरं रडायची. पण त्या काळी वैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे माझ्याशिवाय भोंगा होता कुणाकडे? ज्याच्याकडे एकच गाय असते त्याची गाय लाथ मारते म्हणून कुणी कुरकुर करत नाही.

माझं सासर वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला, जंगलाला लागून. धानाचं गाव. धान कापून झालं, खळी आटोपली, की तिथे शंकरपट भरायचा. आमच्या झाडीपट्टीत बैलांच्या दोन जोड्या शेजारी शेजारी पळवतात, जिची मान आधी जाईल ती जिंकते. माझे सासरे त्या पटाचे मुख्य. पटातला भोंगा दरवर्षी माझा. मला त्याची कुणी सुपारी द्यायचं नाही, कुणी विचारायचंही नाही. थोरल्या जावयाला काय विचारायचं? मी पटाच्या सकाळी बंडी घेऊन हजर व्हायचो, सासरे स्वतः बैल सोडून घ्यायचे आणि मंडपात माझ्यासाठी वेगळी बाज टाकलेली असायची. ज्याला घरातून निघताना बापाने लोटाभर पाणी विचारलं नव्हतं, त्याला त्या बाजेची किंमत कळते.

मग माझ्या धाकट्या साळीचं लग्न झालं. साडू ब्रह्मपुरीचा, घरची तांदळाची गिरणी. गोरा, हसतमुख, केस मागे वळवलेले. बोलणं असं की समोरच्याच्या खांद्यावर शाल टाकल्यासारखं. मला 'भाऊ' म्हणायचा आणि वाकून नमस्कार करायचा. त्यामुळे त्याच्याशी भांडायलाही जागा नव्हती. मनात मात्र तो पहिल्या दिवसापासून सलला. लग्नात तो माझ्या मशीनजवळ येऊन बसला होता. हे कसं, ते कसं, विचारत होता. मला वाटलं, हौशी आहे. मी सांगितल्याही चार गोष्टी.

पुढच्या पटाला मी नेहमीप्रमाणे बंडी भरली. मशीन गवतात ठेवलं, बॅटऱ्या पोत्यात, भोंगा वर बांधला. वायरचं पोतंही होतंच. बायको बाजूला बसली. आमची बंडी गावाच्या शेवटच्या बांधावर चढली आणि मी कासरा ओढला.

पटाच्या मैदानावर दोन भोंगे आधीच लागले होते. पोपटी रंगाचे, नवेकोरे. त्यांच्यावर पांढऱ्या अक्षरांत माझ्या साडूचं नाव होतं. त्यातून सिनेमाचं गाणं चाललं होतं, आणि त्या गाण्यावरून, गाणं न थांबवता, माझ्या साडूचा आवाज येत होता. "येनाऱ्या समद्या पाव्हन्याईचं स्वागत हाये, बैलं डाव्या हाताले सोडा." गाणं खाली गेलं, आवाज वर आला, आवाज संपला, गाणं पुन्हा वर आलं. कुठे 'भक्' नाही की काही नाही.

बायको ऐकत राहिली आणि म्हणाली, "बाई, किती गोड आवाज येते त्याईचा!"

मी तिच्याशी वाटभर गोड बोललो होतो. त्यानंतर दिवसभर बोललो नाही.

मंडपात गेलो. साडू उठला, वाकला. "या भाऊ, तुमचीच वाट पाहून राह्यलो." त्याच्यापुढे मशीन होतं आणि मशीनशेजारी एक लहानशी लोखंडी पेटी, तिला तीन बटणं. एक त्याच्या माईकचं, मधलं पटाच्या सुरुवातीला ठेवलेल्या माईकचं, तिसरं ग्रामोफोनचं. तो त्या पेटीला मिक्सर म्हणत होता. तिन्ही आवाज त्यात एकत्र होतात आणि ज्याला पाहिजे त्याला वर चढवा, नको त्याला खाली दाबा. मी ती पेटी पाहिली आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. राग आला तो नंतर.

"केवढ्याले घेतली?" मी विचारलं.

"जे सांगितलं तेवढ्याले. मले घासाघीस जमत नाई भाऊ, लाज वाटते."

लाज वाटते! ज्याच्या बापाची गिरणी आहे त्याला लाज परवडते.

सासरे आले. माझ्याकडे न पाहता माझ्या बैलांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "जवाईबापू, औंदा त्यानं हौसेनं आनलं. तुमी दरसाल करता, औंदा जरा आराम करा."

"मामाजी, निरोप तरी द्यायचा. बंडी भरून आनली मी."

"घरच्या मानसाले निरोप काऊन द्यायचा?"

याच कारणाने मी कधी निरोप मागितला नव्हता. मंडपात माझी बाज होती, पण तिच्यावर साडूचं मशीन ठेवलेलं होतं. मी मोहाच्या झाडाखाली माझ्या बंडीच्या जुवावर बसलो आणि चण्या-फुटाण्याची पुडी काढली.

तिथून मी त्याचं काम बघत होतो. मत्सराला डोळे फार बारीक असतात. मंडप पटाच्या या बाजूला होता, आणि बैल सोडणारा पंच पलीकडच्या बाजूला, सुरुवातीच्या टोकाला उभा राहायचा. एक भोंगाही त्याच्याजवळ होता. म्हणजे दोन तारा पटाची वाट ओलांडून पलीकडे न्यायच्या होत्या: भोंग्याची आणि माईकची. त्या गावात पळत्या बैलांच्या डोक्यावरून दोरी किंवा तार नेत नाहीत. फास टाकल्यासारखं होतं, जोडी दगावते, असं मानतात. मी भोंगा लावायचो तेव्हा सुरुवातीच्या टोकामागचा नाला उतरून, पलीकडून पूर्ण वळसा घालून तार न्यायचो. लांब पडायचं, पण वायर माझ्याकडे फुकटची होती.

साडूने नागपूरहून मोजून वायर आणली होती. वळशाला ती पुरत नव्हती. म्हणून गावच्या माणसांनी त्याला युक्ती सांगितली. पटाच्या वाटेला आडवी चर खणली, त्यात पोकळ केलेला बांबू पुरला, आणि दोन्ही तारा त्याच बांबूतून पलीकडे काढल्या. तरीही तार तोकडी पडली, तेव्हा तुकडे जोडले, आणि ते जोड चिंधी गुंडाळून बांबूच्या आतच राहिले. सगळे म्हणाले, वा, किती सुबक! वर माती लोटली. भुसभुशीत मातीत बैलाचा खूर रुतू नये म्हणून तिच्यावर घागरी ओतल्या आणि धुमसाने ठोकून बसवली.

पाण्याची पहिली घागर पडली तेव्हाच मी चणे चावायचं थांबलो. एका लग्नात मी माईकची आणि भोंग्याची तार एकाच मेढीला बांधली होती आणि मशीनने जो सूर धरला होता तो अजून कानात होता. इथे तर जोड ओले होणार होते. सांगावं असं वाटलं का? नाही वाटलं. मला कुणी विचारलं होतं?

पहिल्या दोन जोड्या नीट पळाल्या. तोवर पाणी मुरत होतं. मग पंचाने तिकडच्या माईकवर जोडीच्या मालकाचं नाव पुकारलं, आणि नावाच्या शेवटी भोंग्यांनी शीळ धरली. साधी शीळ नव्हे. डुकरीण सापळ्यात अडकल्यावर ओरडते तशी. दोन्ही भोंगे एकदम. सुटायला उभी असलेली जोडी उधळली, जोडी हाकणारा धुरकरी फरफटत गेला, बैल धान कापलेल्या बांधीत घुसले आणि लोक सैरावैरा पळाले.

साडूने आपल्या माईकवर हात ठेवला. शीळ चालूच. माईकचं तोंड फिरवलं, भोंग्याचं तोंड फिरवलं, बॅटरीचे चिमटे काढून घासून लावले. मशीन गरम होतं, त्याचे व्हॉल्व्ह रुमालाने दाबून बसवले. थोडा वेळ शांत, आणि पंच बोलला की पुन्हा तीच डुकरीण. गोऱ्या कपाळावर घाम आला होता. मी सांगतो खोटं नाही, मला बरं वाटलं.

गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "नवीन वस्तू हाये, कोनाची नजर लागली."

आणि सगळं गाव मोहाच्या झाडाकडे बघू लागलं.

"नजरेनं वायर भिजत नाई, मावशी!" मी तिथूनच ओरडलो. रागाच्या भरात अर्धं उत्तर तोंडातून निघून गेलं. पण कुणाच्या लक्षात आलं नाही. एकट्या सासऱ्यांच्या आलं.

जोड्यांचे मालक बैल सोडून परत निघायच्या तयारीला लागले होते. लांबून, दोन-दोन दिवसांची वाट तुडवून आलेली माणसं. एकदा गेली की पुढच्या वर्षी येत नाहीत, आणि मोडलेल्या पटाची गोष्ट पाच गावं सांगतात. सासरे माझ्याकडे चालत आले. माझ्याशेजारी जुवावर बसले. माझ्या पुडीतले चणे घेतले.

"चने चांगले हायेत."

"चांद्याचे हायेत."

"जवाईबापू, तुमाले ठाऊक हाये न, का झालं ते?"

"मी तं आराम करून राह्यलो, मामाजी."

"पट मोडन."

"मोडू द्या. ज्यानं हौसेनं आनलं त्यालेच पुसा."

म्हातारा चणे खात राहिला. सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. त्याने आयुष्यभर बैल विकले होते. पण मोडत होता तो पट त्याचा होता, माझा नव्हता. शेवटी तोच म्हणाला, "काय पायजे तुमाले?"

"पुढच्या सालचा पट माहा. अन् हे इथी झाडाखाली नाई सांगाचं. माईकवर सांगाचं, समद्या गावासमोर. का पट मोठ्या जवायाचा हाये."

"माईक चालू झाला तं सांगीन."

"शब्द?"

"बैलाची आन."

मी उठलो. खांद्यावर वायरचं पोतं टाकलं तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की इतकी वर्षं मी ती कशासाठी मागत होतो.

मंडपात साडू बटणं पिरगाळत होता. मी म्हणालो, "समदे बटनं एकदम नोको फिरवू बे! हे तीन बटनं कायले देल्ले तुले? आधी तिन्ही बंद कर." त्याने केली. शांतता. "आता ग्रामोफोन उघड." गाणं स्वच्छ आलं. "बंद कर. तुहा माईक उघड." त्याचं 'हॅलो' स्वच्छ आलं. "बंद कर. आता तिकडचा." ते बटण अर्ध्यावर गेलं आणि डुकरीण ओरडली. पंचाला हातवाऱ्याने माईक धोतरात गुंडाळायला सांगितला, तरी ओरडतच होती.

"माईक झाकला तरी ओरडते, म्हंजे आवाज माईकातून जाऊन नाई राह्यला," मी म्हणालो. "वायरीतून जाऊन राह्यला. तुह्या भोंग्याची तार अन् माईकची तार बांबूत गळ्यात गळा घालून ओली पडली हाये. भोंग्याले जे जाते ते माईकच्या तारीत झिरपते, माईकचं मशीनमंदी येते, मशीन अजून मोठं करून भोंग्याले देते. मंग थांबन कसं?"

साडू माझ्याकडे बघत राहिला. "भाऊ, तीन बटनाईनं दोष शोधता येते, हे मले सुचलंच नाई."

मलाही त्याच क्षणी सुचलं होतं, पण ते मी त्याला सांगितलं नाही. माझ्या मशीनला एकच तोंड. त्यात असा दोष शोधायला मला अर्धा दिवस लागला असता. ती पेटी माझ्या हाताखाली पहिल्याच वेळी एखाद्या शिकवलेल्या बैलासारखी वागली, आणि ती माझी नव्हती.

भोंग्याची तार मी दोन्हीकडून तोडली आणि बांबूतच मरू दिली. माईकची तार ओढून बाहेर काढली. तिचा जोड चिंब होता. तो सोडवला, तांबं पुसून कोरडं केलं, पुन्हा पिळून वर फीत गुंडाळली आणि मेणबत्तीचं मेण ओतून बंद केला. मग ती एकटी बांबूतून परत घातली. आणि भोंग्यासाठी माझी वायर. पोतं पाठीवर घेऊन मी मंडपापासून निघालो, नाल्यात उतरलो, बोरी-बेशरमाच्या झुडपांतून पलीकडे चढलो, एकेक गुंडाळी सोडत, फांद्यांना अडकवत. काट्यांनी पिंढऱ्या सोलल्या. वायर उरली. गाव बघत होतं, आणि मी मुद्दाम हळू चाललो.

"आता उघड तुह्ये तिन्ही बटनं!" मी पलीकडून ओरडलो.

गाणं आलं. गाण्यावरून साडूचा आवाज आला. मग पंचाने माझ्याशेजारच्या माईकवर मालकाचं नाव पुकारलं आणि ते दोन्ही भोंग्यांतून असं गेलं की जंगलातून परत आलं. लोकांनी टोप्या उडवल्या. सोडलेले बैल पुन्हा जुंपले गेले.

मी परत मंडपात आलो. सासऱ्यांनी माईक हातात घेतला होता. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी छाती काढून उभा राहिलो. बायको बायकांच्या बाजूला उभी होती, तिच्याकडेही एकदा बघून घेतलं.

"आयका हो समदे," सासरे म्हणाले, आणि माझ्या वायरीने त्यांचा आवाज नाल्यापलीकडे नेला. "पुढच्या सालचा पट आमच्या मोठ्या जवायाचा हाये. बैलाची आन घेऊन सांगतो."

टाळ्या पडल्या. मी हात जोडले. म्हातारा थांबला. चणे खाताना थांबला होता तसाच.

"अन् पेटी लहान जवायाची. मोठ्याची वायर, लहान्याची पेटी. दोघं मिळून करतीन, दरसाल. भोंग्याईवर दोघाईचं नाव राहीन. माह्या दोनी पोरी एका बंडीत माहेरी येतीन."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मशीनची सुई हलली. कुणीतरी माझ्या आणि साडूच्या डोक्यावर एकाच मुठीतला गुलाल टाकला. साडू वाकला. मला त्याला उठवून छातीशी धरावं लागलं, कारण सगळे बघत होते. म्हातारी म्हणाली, "पाय, नजर उतरली."

म्हाताऱ्याने शब्द मोडला असता तर मी भांडलो असतो. त्याने शब्द पाळला, माझा पट मला दिला, आणि त्याला जोडून बाकीचं सगळं काढून घेतलं. आणि तेही मी स्वतः नीट केलेल्या आवाजातून, पाच गावांना ऐकू जाईल असं. तोंडाने बोललेला शब्द फिरवता येतो. भोंग्यातून गेलेला परत बोलावता येत नाही. इतकी वर्षं नागपूरच्या दुकानदारांना दारापर्यंत जाऊन नमवलं मी, आणि जुवावर बसून माझेच चणे खाणाऱ्या माणसाने मला विकलं.

पुढच्या वर्षी भोंग्यांवर दोघांची नावं होती. त्याचं आधी. लिहिणारा ब्रह्मपुरीचा होता. मंडपात बाज दोघांसाठी टाकली होती, पण तिच्यावर पेटी घेऊन तो बसला, कारण पेटी त्याची. तार नाल्यातून न्यायची असते आणि तार माझी, म्हणून मी नाल्यात. पिंढऱ्या सोलत मी पलीकडे चढलो, भोंग्याला तार जोडली, तर वरून त्याचा गोड आवाज आला, गाण्यावर तरंगत, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा, "भाऊ, वायर पोचली का?"

सगळं मैदान हसलं.

माझ्याशेजारी पंचाचा माईक होता. मी तो हिसकावला. वर्षभर साठवलेलं होतं माझ्याकडे, पेटीबद्दल, बाजेबद्दल, चण्यांबद्दल, कुणाचं नाव आधी याबद्दल. मी छातीत दम भरला आणि बोलायला सुरुवात केली. पहिले दोन शब्द दोन्ही भोंग्यांतून गेले. मी बोलतच होतो, हात नाचवत होतो. पंच माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता. मग मला भोंग्यातून सिनेमाचं गाणं ऐकू आलं, मोठ्याने, स्वच्छ. माझा आवाज त्यात कुठेच नव्हता.

मंडपात माझा साडू मधल्या बटणावरून हात काढून घेत होता आणि माझ्याकडे बघून वाकत होता.